स्पेक्ट्रमला 'ध्वनिलहरी' म्हणणं बरोबर आहे का?

मंडळी, एक विचारायचं होतं. स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाईल कंपन्या वापरतात त्या रेडिओ फ्रिक्वेन्सींच्या, लिलावाची बातमी आली की मराठी पेपरात 'ध्वनिलहरींचा लिलाव' असं छापून येतं. टूजीच्या भानगडीपासून बघतोय, २०१२ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने मोबाईल कंपन्यांचे १२२ परवाने रद्द केले तेव्हा तर रोजच वाचायला मिळायचं, अजूनही अधूनमधून दिसतंच. आता ध्वनी म्हणजे आवाज ना? मग सरकार काय आवाज विकतंय का? शाळेत स्पेक्ट्रमला वर्णपट शिकलो होतो पण वर्णपट म्हटलं की लोलक आणि तानापिहिनिपाजा आठवतं, मोबाईलचा टॉवर काही आठवत नाही. एक माहितीपत्रक मराठीत करायला घेतलंय, त्यात काय लिहू? सरळ स्पेक्ट्रमच ठेवू का?

– – –

ध्वनिलहरी सपशेल चूक. मी फिजिक्स शिकवते, दरवर्षी पोरांच्या डोक्यातून हे काढावं लागतं. आवाजाला पसरायला हवा नाहीतर पाणी असं काहीतरी लागतं, रेडिओ लहरींना काही म्हणजे काही लागत नाही. आणि वेग बघा. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, रेडिओ लहरी ३ लाख किलोमीटर. मुंबईतून केलेलं हॅलो खरंच ध्वनिलहरींवर बसून निघालं तर पुण्याला पोचायला सहाएक मिनिटं लागतील, पलीकडून "कोण बोलतंय?" परत येईपर्यंत चहा होतो! शिवाय आपल्याला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, मोबाईलचा ९०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ९० कोटी कंपनं. रेडिओ लहरी किंवा विद्युतचुंबकीय लहरी म्हणा, दोन्ही बरोबर.

– – –

पेपरवाल्यांची बाजू पण ऐका जरा. रात्री पानं सोडायची घाई असते, 'विद्युतचुंबकीय लहरींच्या वर्णपटाचा लिलाव' हे दोन कॉलमी मथळ्यात बसवून दाखवा मग बोलू. टेलिफोनला दूरध्वनी, मोबाईलला भ्रमणध्वनी, मग त्या फोनच्या लहरी त्या ध्वनिलहरी, असं ते ओघाने आलं असणार. वाचकाला फोनशी संबंधित काहीतरी आहे हे चटकन कळतं. शब्द रूढ झाला की झाला, त्याची फोड करून अर्थ काढायचा नसतो.

– – –

"शब्द रूढ झाला की झाला" हे मान्य, पण ध्वनिलहरी हा शब्द मोकळा नव्हता ना! सातवी-आठवीच्या विज्ञानात त्याला ठरलेला अर्थ आहे. दुसऱ्याच्या नावावरचा सातबारा आहे तो. नवीन शब्द पाडला असता तर कोणी काही म्हटलं नसतं.

– – –

बिनतारी लहरी का नको? पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग माहितीय ना सगळ्यांना. छान रुळलेला मराठी शब्द आहे, उगाच अडगळीत टाकलाय.

– – –

मी या लाईनमध्येच काम करतो, टॉवरच्या बाजूला. आमच्यात वर्णपट, ध्वनिलहरी यातलं काहीच कोणी बोलत नाही, बँड, फ्रिक्वेन्सी, कॅरियर एवढ्यावर दिवस निघतो, पण मला वाटतं इथे सगळे 'ध्वनी'वरच अडकलेत आणि 'लहरी' तशाच सुटल्यात. लिलाव लहरींचा होतच नाही हो. लहरी तर तुमचा मोबाईल आणि आमचा टॉवर तयार करतो, सरकारकडे त्यांचं काही गोदाम नाहीये. लिलाव होतो तो हक्काचा, म्हणजे अमुक फ्रिक्वेन्सीपासून तमुक फ्रिक्वेन्सीपर्यंतचा पट्टा अमुक सर्कलमध्ये (मोबाईल सेवेसाठी देशाचे जे विभाग पाडलेत त्यातल्या एकात) २० वर्षं तुम्ही वापरायचा, दुसऱ्याने तिथे घुसायचं नाही. गावच्या यात्रेत ग्रामपंचायत पाळण्याच्या जागेचा लिलाव करते ना तसं, जागा तेवढ्या दिवसांपुरती तुमची, पाळणा तुम्ही आणायचा. सर्कल पण गमतीशीर प्रकार आहे, मुंबईचं सर्कल वेगळं आणि उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक.

म्हणून मला 'पट्टा' आवडतो. फ्रिक्वेन्सी हा एक आकडा, सेकंदाला किती कंपनं तो, बँड म्हणजे इथून तिथपर्यंतचा पट्टा, आणि स्पेक्ट्रम म्हणजे एकतर ते सगळे पट्टे मिळून किंवा बोलण्यात कंपनीला मिळालेला त्यातला तुकडा. कुठला पट्टा मिळाला त्यावर सगळं गणित असतं, ७०० मेगाहर्ट्झची लहर जवळपास ४३ सेंटिमीटर लांब, ती लांब जाते, भिंतीतून घरातही शिरते, त्याउलट फाइव्हजीचा २६ गिगाहर्ट्झचा पट्टा घेतला तर लहर सेंटिमीटरभराची, डेटा भरपूर पळतो पण एक भिंत आडवी आली की खेळ खलास. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात एवढ्या छोट्या लहरींवर प्रयोग करून ठेवले होते, आणि आम्ही आत्ता त्यांच्यासाठी अँटेना लावतोय 🙂

– – –

थोडं अवांतर. आमच्याकडे रेंजच्या 'काड्या' म्हणतात, "दोनच काड्या दाखवतोय". अजून कुठे काय म्हणतात?

– – –

आमच्याकडे दांड्या. घरात अमावस्या, गच्चीवर गेलं की पाच.

– – –

टॉवरवाला परत. काड्या म्हणा की दांड्या, त्यांना फार मानू नका, किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे ज्याची त्याची फोन कंपनी ठरवते, त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दोन फोनमध्ये एकात चार आणि एकात दोन दिसू शकतात. खरा आकडा सेटिंगमध्ये डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) असतो आणि तो मायनसमध्ये, उणे ७० झकास, उणे ११० म्हणजे फोन कानाला लावून खिडकीत. आणि लोक शब्द कसे घडवतात बघा, फायबर इंटरनेटच्या डब्यावर एलओएस असा लाल दिवा असतो, लॉस ऑफ सिग्नल, पण आमची पोरं तो 'लॉस' असाच वाचतात, "काका, लॉस मारतोय, बाहेर केबल तुटली असणार". काकांना पण कळतं, नुकसान त्यांचंच असतं ना.

– – –

धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे ध्वनिलहरी बाद, वर्णपट चुकीचा नाही पण या कामाला घोळदार, बिनतारी मला आवडला पण त्यातून पट्टा कळत नाही. मग असं लिहू का: "सरकार रेडिओ वारंवारितांचे पट्टे (स्पेक्ट्रम) ठराविक मुदतीसाठी वापरायला देते", आणि पुढे सगळीकडे नुसतं स्पेक्ट्रम? फ्रिक्वेन्सीला वारंवारिता म्हणू की कंप्रता हे पण सांगा. आणि लहरी की तरंग?

– – –

शाळेच्या पुस्तकात वारंवारिता आहे, तीच ठेवा, विश्वकोशात कंप्रता सापडेल पण पत्रक वाचणारा अडखळेल. तरंग चालेल, टॉवरच्या रेडिएशनची माहिती देणाऱ्या केंद्राच्या पोर्टलचं नावच 'तरंग संचार' आहे, २०१७ मधलं. पण मराठीत लहरी जास्त सवयीचं. फक्त 'पट्टे देते' नको, ते जमिनीचे पट्टे वाटप केल्यासारखं वाटतं. 'वापरण्याचा हक्क लिलावाने देते' असं करा.

– – –

केलं. 'लिलावाने' घातलं आणि वाक्य तीन ओळींचं झालं, मथळ्यात बसणार नाही, पण माहितीपत्रकात जागा आहे.