सोसायटीच्या क्लबहाउससाठी टेबल आणि क्यू कोणते घ्यावेत?

सहनिवास_समिती (पुणे)

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या क्लबहाउसमध्ये पहिल्या मजल्यावर २० फूट बाय १५ फुटांची एक खोली रिकामी असून, तेथे पूल किंवा स्नूकरचे टेबल ठेवावे असा ठराव वार्षिक सभेत संमत झाला आहे. खोलीच्या लांबीकडच्या एका भिंतीत मधोमध खांब असून तो सुमारे एक फूट आत आलेला आहे. ज्येष्ठ सभासदांचा आग्रह पूर्ण मापाच्या १२ बाय ६ फुटांच्या, म्हणजे बिलियर्ड्स व स्नूकरच्या, टेबलासाठी आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळवले, म्हणून या शहरातील मुलांनी खरा खेळ शिकावा, असे त्यांचे म्हणणे आहे. मुलांना मात्र लहान मापाचे पूल टेबल हवे आहे. आलेल्या दरपत्रकांत टेबलाच्या दगडी पाटासाठी कोणी ‘मार्बल टॉप’, कोणी ‘इंडियन स्लेट’, तर कोणी ‘इटालियन स्लेट’ असे लिहिले असून दरांतील तफावत मोठी आहे. पैसा सभासदांचा असल्यामुळे निर्णय विचारपूर्वक व्हावा, ही इच्छा. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बॉकलाइन (मुंबई)

ज्येष्ठांची भावना मला मनापासून पटते, पण हा निर्णय आधी खोली करते आणि मग सभासद. हिशेब असा, की खेळण्याच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक बाजूला एका पूर्ण क्यूइतकी, म्हणजे खेळण्याच्या काठीच्या लांबीइतकी ५८ इंच, मोकळी जागा लागते. पूर्ण मापाच्या स्नूकर टेबलाचा खेळण्याचा पृष्ठभाग ११ फूट ८॥ इंच बाय ५ फूट १० इंच असतो, त्यामुळे त्याला किमान साडेएकवीस फूट बाय साडेपंधरा फुटांची खोली हवी. तुमच्या खोलीत ते बसत नाही. ओढूनताणून बसवलेच, तर कुशनलगतच्या (टेबलाच्या रबरी कडेलगतच्या) प्रत्येक बॉलला खेळाडू क्यू वर उचलून मारेल आणि शिकणाऱ्या मुलांच्या हाताला नेमके तेच चुकीचे वळण लागेल.

९ फुटी पूल टेबलाचा पृष्ठभाग १०० बाय ५० इंचांचा असून त्याला १८ फूट बाय १३ फूट १० इंच जागा लागते. खांबापाशी तुमची रुंदी १४ फूट उरते, म्हणजे ते कागदावर बसते. परंतु खांबासमोर जेमतेम दोन इंचांची सवड राहील. ८ फुटी टेबलाला १७ फूट बाय १३ फूट ४ इंच पुरतात, म्हणून माझे मत निःसंशय ८ फुटीच्या बाजूने आहे. खांबापाशी खेळण्यासाठी ४८ इंचांचा एक आखूड क्यू घेऊन ठेवावा.

पहिल्या मजल्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. एक इंच जाडीची स्लेट असलेले ८ फुटी टेबल साधारण साडेतीनशे ते चारशे किलोंचे असते, आणि पूर्ण मापाचे स्नूकर टेबल टनाहून बरेच अधिक भरते. हा सगळा भार पायांखालच्या थोड्याशा जागेवर येतो. संरचना अभियंत्याचे (स्ट्रक्चरल इंजिनीअरचे) लेखी मत घेतल्याशिवाय मागणी नोंदवू नये.

कोकणस्लेट (रत्नागिरी)

टेबलाच्या जागेबाबत वर सर्व आलेच आहे. मी फक्त बेडविषयी, म्हणजे कापडाखालच्या पाटाविषयी, लिहितो, कारण फसगत तेथेच होते. स्लेट हा थराथरांनी फुटणारा दगड असल्यामुळे त्याच्या मोठ्या सपाट लाद्या निघतात, त्या घासून अगदी समतल करता येतात, त्यांना स्क्रूसाठी भोके पाडता येतात, आणि ओलाव्याने त्या फुगत नाहीत. लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळ्यांवर उभारलेल्या टेबलांचे पावसाळ्यात काय होते, हे आमच्याकडे डोळ्यांनी दिसते. आमच्या गावातील एका मंडळाने स्वस्तात घेतलेल्या टेबलावर दुसऱ्या श्रावणात मधल्या पॉकेटजवळ फळी इतकी फुगली, की हळू सोडलेला बॉल तेथे पोहोचताच डावीकडे वळून कुशनला टेकत असे. अशा टेबलावर नेम सुधारत नाही. मुले फळीचा उंचसखलपणा पाठ करतात आणि त्यालाच कौशल्य समजतात.

मार्बल सरसकट वाईट असते असे मी म्हणणार नाही, मात्र स्वस्त टेबलांत त्याची लादी बहुधा पातळ असते आणि खालची चौकट कमकुवत असली की ती मधोमध झोल धरते. दरपत्रकातील ‘इटालियन’ या शब्दावर जाऊ नये. लादीची जाडी किती, लाद्या एक आहेत की तीन, आणि त्या कशावर टेकवलेल्या आहेत, एवढे विचारावे. तीन लाद्यांचे सांधे मेणाने भरून घासलेले असतात. कापड चढवण्याआधी समितीतील कोणीतरी तेथे उभे राहून सांध्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले, तर पुढे बॉलही तेथे उडणार.

कापडाबाबत थोडक्यात सांगतो. पूलसाठी लव नसलेले विणीचे लोकरी कापड घ्यावे. त्यावर बॉल लांब जातो आणि निगाही सोपी असते. स्नूकरच्या कापडाला लव असते, ते बॉक बाजूकडून (डाव सुरू होतो त्या टोकाकडून) काळ्या बॉलच्या दिशेनेच झाडावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये कोणतेही कापड दमट होऊन मंद चालते, तो टेबलाचा दोष समजू नये.

सहनिवास_समिती (पुणे)

दोघांचेही आभार. ८ फुटी पूल टेबलावर समितीचे एकमत होण्याची चिन्हे आहेत. आता क्यूंचे पाहायचे आहे. एक विक्रेता टेबलासोबत चार नक्षीदार दुहेरी (दोन तुकडे जोडलेले) क्यू विनामूल्य देत आहे, आणि एका सभासदाकडे जुना, उत्तम स्नूकर क्यू आहे. तो येथे चालेल का?

अ‍ॅशवाला (नागपूर)

तो स्नूकर क्यू कृपया पूल टेबलावर आणू नये. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा असतो आणि त्यासाठीच्या क्यूची टिप (चामड्याचे टोक) साडेनऊ-दहा मिलिमीटरची, शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) बहुधा अ‍ॅश लाकडाचा व निमुळता, टोकाला पितळी फेरूल (टिपखालचे कडे). पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा आणि वजनाने १५६ ते १७० ग्रॅमचा असतो. ब्रेक (डावाचा पहिला जोरदार फटका) मारताना बसणारा धक्का त्या बारीक टोकाला सतत सोसावा लागला, तर टिप उखडते आणि फेरूल सैल होते. जपलेला क्यू असा खराब झाला, तर तसा पुन्हा हाताला लागत नाही.

क्लबसाठी मेपल लाकडाचे, अखंड, १८ ते २० औंसांचे, १३ मिलिमीटरच्या आसपास टिप असलेले साधे क्यू घ्यावेत. विनामूल्य मिळणारे दुहेरी क्यू मी घेणार नाही, कारण स्वस्त जोड अनेकांच्या हाताळणीत लवकर सैल होतो आणि मग प्रत्येक फटक्याला आत खटखट जाणवते. बटावरील (क्यूच्या मागच्या जाड भागावरील) नक्षीचा खेळाशी काहीही संबंध नाही. बॉलला भेटते ती टिप, म्हणून पाहण्याची सुरुवात तेथून करावी: चामडे फेरूलच्या कडेशी तंतोतंत जुळते का, घुमट एकसारखा आहे का. वापराने टिप चेपून कड बाहेर आली, की ती घासून घ्यावी. फार खाली गेली, की बदलावी. टिप बदलण्याचे काम एका तरुण सभासदाने शिकून घेतले, तर क्लबचे सर्व क्यू सदैव खेळण्याजोगे राहतील.

क्यू सरळ आहे की नाही, हे दुकानात टेबलावर लाटून दाखवतात. त्यावर विसंबू नये, कारण हाताने घासलेल्या निमुळत्या शाफ्टचा घेर सर्वत्र नेमका सारखा नसला, तर सरळ क्यूही लाटताना डगमगतो. बट डोळ्याशी धरून टिपच्या दिशेने पाहत क्यू सावकाश गोल फिरवावा; वाक असेल, तर तो एका जागी वर येऊन पुन्हा खाली जाताना दिसतो. आणि आणल्यानंतर क्यू भिंतीला टेकवून ठेवू नयेत. भिंतीवर उभा स्टँड बसवावा, मात्र तो ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नसावा.

बॉकलाइन (मुंबई)

अ‍ॅशवाला यांच्या सर्व मुद्द्यांशी सहमत आहे. फक्त वजनाबाबत वेगळे मत नोंदवतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी निदान दोन क्यू १७ औंसांचे असावेत. जड क्यू लहान मनगटाला आवरत नाही आणि फटका संपताना टोक खाली जाते.

करारपत्रात दोन अटी अवश्य घालाव्यात. पहिली, स्लेटची जाडी आणि लाद्यांची संख्या लेखी नमूद असावी. दुसरी, टेबल बसवल्यावर वजनाने पाय थोडे बसतात, म्हणून महिन्या-दीड महिन्याने विक्रेत्याने स्वखर्चाने पुन्हा लेव्हल करून द्यावी, आणि त्यानंतरच शेवटचा हप्ता चुकता व्हावा. लेव्हल तपासताना बॉल जोरात मारून काही कळत नाही. तो टेबलाच्या चारही बाजूंनी, जेमतेम पलीकडे पोहोचेल इतक्या हळू सोडावा आणि थांबण्यापूर्वीच्या शेवटच्या फुटाकडे लक्ष ठेवावे. उतार असेल, तर बॉल तेथेच वळतो.