होस्टेलचा फोन आणि डायलचं कुलूप

वर कोणीतरी विचारलंय की डायलला कुलूप असताना फोन लावायचे कसे. अहो लागायचा! आमच्या वडोदऱ्याच्या होस्टेलला ९०च्या दशकात काळा, गोल डायलचा फोन होता, १ आकड्याच्या भोकात छोटं कुलूप. पण डायल फिरवली की लाईन तेवढ्या वेळा तुटते-जुळते, एक्स्चेंज तेच मोजतं, मग रिसीव्हर ठेवायचं बटणच टपटप दाबायचं, पाचाला पाचदा, शून्याला दहादा. ताल चुकला की राँग नंबर. एसटीडी, म्हणजे परगावी थेट फोन, बंद असल्यामुळे चालायचं फक्त लोकल, रावपुऱ्यात मावशीकडे.

इंदूरला आईशी बोलायचं तर सयाजीगंजच्या बूथवर, ते पण रात्री ११ नंतर, दिवसाच्या पाव दर लागायचा ना, म्हणून ही रांग, आणि डोळे सगळे त्या बिलाच्या लाल आकड्यांच्या मीटरवर. निम्मं बोलणं गिळूनच परत यायचो. पण रविवारी सकाळी होस्टेलवर तिचाच फोन यायचा, वॉचमनकाका खालून नावाने हाक मारायचे आणि मी तीन जिने अनवाणी धावत उतरायचो. ती पहिलं विचारायची, जेवलास का रे? ते अजून कानात आहे.