ड्रग्जची बातमी: सांगणाऱ्याने स्वतः काय पाहिलं?

निशिगंध:
एखाद्या प्रसिद्ध माणसाचं नाव ड्रग्जच्या बातमीत आलं की ती खरी मानायची की खोटी, हे आपण बहुतेकदा तो माणूस आपल्याला आवडतो की नाही यावरून ठरवतो. नावडता असेल तर 'आगीशिवाय धूर निघत नाही', आवडता असेल तर 'बिचाऱ्याला अडकवलं'. माझं म्हणणं असं की आधी एकच प्रश्न विचारावा. सांगणाऱ्याने स्वतः काय पाहिलं, आणि जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही असं तो कबूल करतो का? दोन प्रकरणं समोर ठेवते.

टोरांटो, मे 2013. महापौर रॉब फोर्ड क्रॅक कोकेन ओढत असल्याचा एक व्हिडिओ विकायला काढलाय, अशी बातमी 16 मे रोजी 'गॉकर' या अमेरिकी संकेतस्थळाने दिली आणि पाठोपाठ 'टोरांटो स्टार'ने. 'स्टार'चे दोन वार्ताहर, रॉबिन डूलिटल आणि केविन डोनोव्हन, 3 मे रोजी एका गाडीच्या मागच्या सीटवर बसले आणि मोबाइलवर तो दीडेक मिनिटाचा व्हिडिओ त्यांनी तीनदा पाहिला. खोलीतला उजेड, गळ्याशी उघडा पांढरा शर्ट, काचेची नळी, अडखळतं बोलणं, असं जे दिसलं ते सगळं त्यांनी लिहिलं. विकणारे ड्रग्जच्या धंद्यातले आहेत हे लपवलं नाही. आणि व्हिडिओ अस्सल आहे का, हे पडताळायला आमच्याकडे मार्ग नाही, असंही बातमीतच छापलं.

मुंबई, ऑक्टोबर 2021. गोव्याला निघालेल्या क्रूझवरच्या एनसीबीच्या (केंद्राच्या अंमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या) कारवाईत अभिनेता शाहरुख खानचा मुलगा आर्यन खान याला अटक झाली. जप्तीची यादी होती 13 ग्रॅम कोकेन, 5 ग्रॅम एमडी (मेफेड्रोन), 21 ग्रॅम चरस, एमडीएमएच्या (एक्स्टसी) 22 गोळ्या आणि 1 लाख 33 हजार रुपये रोख. ही यादी अख्ख्या कारवाईची होती. आर्यनकडे काहीच सापडलं नव्हतं. सोबतच्या मित्राकडे 6 ग्रॅम चरस सापडल्याचं एनसीबीचं म्हणणं होतं. पण टीव्हीवर यादी आणि आर्यनचा चेहरा शेजारी शेजारी, आणि वर 'सूत्रांच्या माहितीनुसार'. व्हॉट्सअ‍ॅप चॅटमधून आंतरराष्ट्रीय रॅकेटपर्यंत मजल गेली. 28 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने जामीन दिला, आणि नंतर आलेल्या सविस्तर आदेशात न्या. नितीन सांबरे यांनी म्हटलं की त्या चॅटमध्ये कट दाखवणारं आक्षेपार्ह काही नाही. 27 मे 2022 रोजी एनसीबीच्याच विशेष पथकाच्या तपासावरून 14 जणांवर आरोपपत्र दाखल झालं. आर्यनसह सहा जणांची नावं पुराव्याअभावी त्यात नव्हती.

पुढे काय निघालं ते बाजूला ठेवा. पहिली बातमी छापली त्या दिवशीच विश्वास ठेवण्याजोगी होती, दुसरी त्या दिवशीही नव्हती.

गोदाकाठ:
पूर्ण असहमत. शेवट माहीत असताना मागे वळून 'ती बातमी भक्कम होती' म्हणणं सोपं आहे. मे 2013 मधल्या वाचकाच्या जागी बसून बघा. व्हिडिओ त्याने पाहिलेला नाही. विकणारे ड्रग्जच्या धंद्यातले, त्यांना मोठी रक्कम हवी. बातमी देणाऱ्या पेपरचं आणि महापौरांचं 2010 च्या निवडणुकीपासूनचं उघड वैर, इतकं की फोर्ड 'स्टार'शी बोलतच नव्हते. राहिला पांढरा शर्ट आणि काचेची नळी. तपशील रंगवायला काय लागतं? पुढे पोलिसांना एका हार्ड डिस्कवर त्या व्हिडिओची फाइल मिळाली नसती तर तो माणूस आयुष्यभर तो डाग घेऊन फिरला असता, आणि त्याला तो पुसायला काहीही साधन नसतं. नोव्हेंबरमध्ये ह्याच 'स्टार'ने फोर्ड यांचा आरडाओरड्याचा दुसरा एक व्हिडिओ 5 हजार डॉलर देऊन विकत घेतला, हेही लक्षात घ्या.

निशिगंध:
वैर होतं, मान्य. म्हणूनच दोघांनी मिळून पाहणं आणि 'पडताळता आलं नाही' हे छापणं महत्त्वाचं. खोटं रचणारा स्वतःच्या बातमीत असं भगदाड ठेवत नाही. मे महिन्यातला तो व्हिडिओ त्यांनी पैसे देऊन घेतला नव्हता, हेही सांगा. शिवाय फोर्ड यांचा खुलासा बघा. आठवडाभराने, 24 मे रोजी ते म्हणाले, मी क्रॅक कोकेन वापरत नाही आणि मला त्याचं व्यसन नाही. पूर्वी कधी ओढलं होतं का, याला त्या निवेदनात उत्तर नव्हतं. 5 नोव्हेंबरला त्यांनी स्वतःच कबूल केलं, साधारण वर्षभरापूर्वी, बहुधा दारूच्या नशेत ओढलं म्हणून. बातमी तोलताना खुलाशात काय सुटलंय ते बघायलाच हवं.

कोर्टकचेरी:
मुंबईच्या प्रकरणात एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून सुटली. तोफान सिंग विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑक्टोबर 2020 रोजी स्पष्ट केलं की एनडीपीएस कायद्याच्या (अंमली पदार्थविरोधी कायदा) कलम 67 खाली अधिकाऱ्याने घेतलेला जबाब कबुली म्हणून आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. क्रूझची कारवाई त्यानंतर वर्षभराने झाली. म्हणजे 'चौकशीत कबूल केलं' ही ओळ पडद्यावर फिरत असताना तिची न्यायालयातली किंमत शून्य होती. क्राइम बीट करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं होतं.

दुसरं, प्रमाण. चरसाचं 'अल्प प्रमाण' कायद्याने 100 ग्रॅमपर्यंत आहे, 'व्यावसायिक' एक किलोपासून. 6 ग्रॅम कुठे बसतात ते तुम्हीच बघा. मग एवढा मोठा गुन्हा उभा कसा राहिला? कलम 29, कट. ते लावलं की एकाकडे सापडलेला माल दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येतो. त्यासाठी संगनमत दाखवावं लागतं, आणि चॅटचा आधार घेतला गेला तो इथेच. न्यायालयाने तोच काढून घेतला.

बोरीबंदर:
मी बरीच वर्षं वार्ताहर म्हणून काम केलंय, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. केंद्राची एक तपास यंत्रणा अटक करते, न्यायालयात कोठडी मागते, न्यायालय कोठडी देतंही. दंडाधिकाऱ्यांनी 8 ऑक्टोबरला जामीन नाकारला, विशेष न्यायालयाने 20 ऑक्टोबरला. हे सगळं जाहीर कामकाज आहे. ते छापायचं नाही? 'थांबा, मे 2022 मध्ये आरोपपत्र येईल' असं म्हणून कुठलं वृत्तपत्र बसून राहील? आणि विशेष पथकाने दाखवलेल्या त्रुटी बघा. झडतीचं चित्रीकरण नाही, वैद्यकीय चाचणी नाही. तपास ढिसाळ होता एवढं त्यातून कळतं. निशिगंध ताईंची कसोटी लावली तर पोलिसांची एकही बातमी देता येणार नाही, कारण वार्ताहर झडतीच्या वेळी हजर नसतोच.

निशिगंध:
द्या ना बातमी. 'एनसीबीने न्यायालयात असा दावा केला' इथे थांबा. 'रॅकेट उघड' हे एनसीबी न्यायालयात सिद्ध करेल तेव्हा. आणि तपास ढिसाळ झाला याचा भार संशय म्हणून त्या मुलाच्या डोक्यावर का? चाचणी करणं यंत्रणेच्या हातात होतं, त्याच्या नाही.

प्रयोगशाळा:
चाचणीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते, कारण 'टेस्ट पॉझिटिव्ह' या दोन शब्दांवर फार मोठ्या बातम्या उभ्या राहतात. लघवीत कोकेनचा अंश साधारण दोन ते चार दिवस सापडतो. गांजा-चरस क्वचित घेणाऱ्यात थोडेच दिवस, रोज घेणाऱ्यात कित्येक आठवडे. केसांत जवळपास तीन महिन्यांचा माग मिळतो, पण काल-परवाचं त्यात दिसत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत नमुना घेतला नाही, तर नंतर कोणी काहीही म्हटलं तरी नेमकं त्या दिवशी काही घेतलं होतं का, हे तपासायला काही उरत नाही.

आणि पहिली पट्टीवरची चाचणी हा निकाल नव्हे, ती फक्त चाळणी असते. दिवाळीत खसखस लावलेले अनारसे भरपूर खाल्ले तर मॉर्फिनचा अंश लघवीत येऊ शकतो, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं तरी अफूजन्य पदार्थांची चाळणी पॉझिटिव्ह येते. पक्कं करायला जीसी-एमएससारखी (यंत्राने नेमका पदार्थ ओळखणारी) दुसरी चाचणी लागते, आणि तीही फक्त शरीरात काय होतं ते सांगते. कुठे घेतलं, कोणी दिलं, हे नाही. चाचणी कोणती, नमुना कधीचा, पक्की केली का, हे बातमीत नसेल तर त्या बातमीला मी पुरावा म्हणणार नाही.

रानवाट:
पुरावा भक्कम की कच्चा यावर एवढं चाललंय, पण फोर्ड निवडून आलेले महापौर होते. शहराचा कारभार त्यांच्या हातात होता. कबुलीनंतर नोव्हेंबर 2013 मध्येच नगरपरिषदेने त्यांचे बरेच अधिकार काढून घेतले. तिथे लोकांना कळणं गरजेचं होतं. आर्यन खान 23 वर्षांचा होता, ना पद, ना लोकांचा पैसा. त्याच्याबद्दल सज्जड पुरावा असता तरी चोवीस तास दाखवण्यासारखं त्यात काय होतं? बापाच्या प्रसिद्धीमुळे मुलगा 'सार्वजनिक व्यक्ती' होत नाही, आणि मला याचा अजूनही संताप आहे.

गोदाकाठ:
रानवाट यांच्याशी सहमत, आर्यनच्या बाबतीत तर पूर्ण. पण फोर्ड यांच्यावरचं माझं मत तेच राहील. पुरावा हातात नाही तर नाव छापू नये. महापौर असला म्हणून न्याय वेगळा नाही.

कोर्टकचेरी:
मग तारखा बघा. तो व्हिडिओ लोकांसमोर आला ऑगस्ट 2016 मध्ये, एका खटल्यातले आरोप मागे घेतल्यावर. फोर्ड मार्च 2016 मध्येच कर्करोगाने गेले होते. तुमच्या नियमाने टोरांटोच्या मतदारांना त्यांची सगळी कारकीर्द संपेपर्यंत काहीच कळलं नसतं. 'स्टार'विरुद्धची तक्रारही ऑंटारिओच्या प्रेस कौन्सिलने सुनावणी घेऊन ऑक्टोबर 2013 मध्ये फेटाळली. तेव्हा तर पोलिसांनी फाइल मिळाल्याचं जाहीरही केलं नव्हतं.

गोदाकाठ:
टोरांटोचे पोलीसप्रमुख बिल ब्लेअर 31 ऑक्टोबर 2013 ला नावानिशी उभे राहिले आणि म्हणाले, फाइल आमच्याकडे आहे, बातमीत वर्णन आहे तेच तिच्यात आहे. माझ्या लेखी पुरावा तिथे सुरू झाला.

निशिगंध:
व्हिडिओ त्या दिवशीही लोकांना दाखवला नव्हता, गोदाकाठ. ब्लेअर यांनी स्वतः पाहून काय दिसलं ते सांगितलं, एवढंच. डूलिटल आणि डोनोव्हन यांनी मे महिन्यात तेच केलं होतं, तेही नावानिशी.