'फॅसिझम'ला 'हुकूमशाही' म्हणावं का?

सांगलीकर: वाचनालयाच्या अभ्यासवर्गासाठी इटलीच्या मुसोलिनीवरचं टिपण मराठीत करतेय. 'फॅसिझम'ला सरळ 'हुकूमशाही' लिहिलं, तर मिरजेच्या एका निवृत्त सरांनी ते खोडलं. मग काय लिहू?

माणदेशी: सरांचं बरोबर आहे. लष्करशहाला लोक घरात गप्प बसलेले चालतात. मुसोलिनीला ते काळ्या सदऱ्यात, रस्त्यावर, घोषणा देताना हवे होते. राष्ट्र सगळ्यांच्या वर, विरोधक म्हणजे देशाचा शत्रू, आणि मारहाण ही मिरवायची गोष्ट. 1922 साली राजानेच त्याला पंतप्रधान केलं. 1924 मध्ये मात्तेओत्ती या विरोधी खासदाराचा खून झाला. 1926 साल संपेपर्यंत संपांवर बंदी आली, बाकीचे पक्षही मोडीत निघाले. नुसत्या 'हुकूम'मध्ये हे मावत नाही.

वाईकर: हिंदीत 'फासीवाद' आहे. फास, फाशी. ऐकताक्षणी अर्थ कळतो.

कृष्णाकाठ: चुकीचा कळतो! आपला फास 'पाश'वरून आला. इटालियन 'फाशो' म्हणजे जुडी, मोळी. त्यावरून गट, संघटना. अनेकवचन 'फाशी'. 1890च्या दशकात सिसिलीतल्या शेतकरी-मजुरांच्या डाव्या संघटनांनाही हेच नाव होतं. मुसोलिनीने आपला गट काढला 1919 मध्ये, मिलानला.

वाईकर: मग 'मोळीवाद' म्हणा. मराठीने शब्द घडवायचेच नाहीत का? 'महापौर'ही एकेकाळी नवाच होता.

माणदेशी: 'महापौर' लोकांनी उचलला. मोळी म्हटलं की आमच्याकडे सरपणच आठवतं. माझे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. ते 'फॅसिस्ट'च म्हणायचे आणि घरातल्या सगळ्यांना ते समजायचं.

वाईकर: लोक म्हणतात ते सगळं बरोबर? मग इंग्रजांविरुद्ध साताऱ्याकडे नाना पाटलांनी चालवलेल्या 'प्रतिसरकार'चं 'पत्री सरकार' झालं, तेही बरोबर?

कृष्णाकाठ: झालं कशाला, होतंच. कुंडलकडची आमची आजी सांगायची, खबऱ्यांच्या तळव्यांवर काठ्या बसायच्या, त्याला पत्री मारणं म्हणत.

वाईकर: आधी अपभ्रंश झाला, पत्रीची गोष्ट मागाहून चिकटली. आणि मारहाणीवरूनच ओळखायचं, तर नाना पाटलांच्या माणसांनाही उद्या कुणी फॅसिस्ट म्हणेल.

कृष्णाकाठ: म्हणूच शकत नाही! ती माणसं परक्या सत्तेशी लढत होती. गावोगाव न्यायमंडळं होती, बिनखर्चाची लग्नं लावत होते. हातात सत्ता घेऊन विरोधी पक्ष संपवणं वेगळं.

सांगलीकर: पण टिपणात 'फॅसिझम'च ठेवू का?

माणदेशी: पत्री बैलाच्या खुराला मारतात, हे तरी दोघांना मान्य आहे ना?