मुलांच्या हातची दिवाळीची बिस्किटं (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, सिंहगड रोड, पुणे)

सी-१०२: नमस्कार. शाळांना सुट्टी लागली. सकाळी सगळी पोरं किल्ल्याच्या मातीत असतात, ते छानच चाललंय. पण दुपारी ऊन चढलं की घरात येतात आणि मोबाइल मागतात. आमची धाकटी दोन दिवस मागे लागली आहे, कुकीज करूया म्हणून. घरी कणकेच्या, गुळाच्या कुकीज जमतील का? मैदा टाळायचाय. कोणाला अनुभव आहे?

ए-३०४: बी-४०३ ताईंना विचारा. मागच्या वर्षी त्यांच्या फराळाच्या ताटात नाचणीची बिस्किटं होती. आमच्याकडे चकलीच्या आधी ती संपली.

डी-२०३: एवढी खटपट कशाला? कॅम्पात कयानी बेकरीतून श्रुसबेरी बिस्किटं आणा, मुलं खूश.

बी-४०३: दादा, श्रुसबेरी मलाही फार आवडते. ईस्ट स्ट्रीटवर गेले की मी हमखास घेऊन येते. पण मुलीला बिस्किटं खायची नाहीत, करायची आहेत. या दोन मागण्या वेगळ्या आहेत.

सी-१०२, नक्की जमतील. दिवाळीच्या स्वयंपाकघरात मुलांना सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "तळणीपाशी येऊ नकोस." आणि ते बरोबरच आहे, उकळतं तेल असतं. चकली, शेव, करंजी, चिरोटे, सगळ्यांत शेवटी कढई येतेच. बिस्किटात मात्र वजन करण्यापासून आकार देण्यापर्यंत सगळं मुलाच्या हातात देता येतं, फक्त ट्रे आत-बाहेर करायचं काम मोठ्यांचं. म्हणून माझा या गोष्टीसाठी आग्रह आहे.

माझं प्रमाण देते. कणीक १५० ग्रॅम, नाचणीचं पीठ ५० ग्रॅम, बेसन २५ ग्रॅम, साजूक तूप १२० ग्रॅम, गुळाची पावडर १०० ग्रॅम. बेकिंग पावडर पाव चमचा, चिमूटभर मीठ, वेलची आणि थोडं जायफळ. लागलंच तर एक-दोन चमचे दूध. नाचणी आणि बेसन कोरडंच मंद आचेवर थोडं भाजून पूर्ण गार करा, कच्चट वास जातो. यात साधारण २५ बिस्किटं होतात.

तूप थिजलेलं हवं. सध्या ऑक्टोबरचं ऊन आहे, डब्यातलं तूप पातळ झालेलं असतं. तसंच घातलंत तर बिस्किटं ट्रेवर पसरून एकमेकांना चिकटतील. आधी फ्रीजमध्ये ठेवून रवाळ घट्ट करा, मग गुळाबरोबर हातानेच फेटा, रंग फिकट होईपर्यंत. मुलांना हे काम फार आवडतं. मग पिठं चाळून घाला आणि नुसतं एकत्र करा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही, नाहीतर बिस्किटं चिवट होतात. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये. तोवर ओव्हन १६० डिग्रीवर तापवून घ्या आणि मग १५ ते १८ मिनिटं भाजा.

सी-१०२: अरे वा. पण झालीत हे कसं कळायचं? मैद्याची तर सोनेरी होतात.

बी-४०३: नाचणीमुळे ती आधीपासूनच तपकिरी असतात, त्यामुळे वरच्या रंगावर जाऊ नका. उलथन्याने एक उचलून खालची बाजू बघा. ती वरच्यापेक्षा गडद दिसली आणि खमंग वास घरभर सुटला की झाली. बाहेर काढल्यावर बोट लावाल तर मऊच लागतील. कच्ची राहिली असं वाटून पुन्हा आत सारू नका. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, गार होता होता ती कडक होतात.

ए-३०१ (काका): ताई, कृती उत्तम. पण एक स्पष्ट बोलू का? गुळाची म्हणून पौष्टिक, असं मुलांच्या मनावर बिंबवू नका. मला मधुमेह आहे. "काका, गुळाचं आहे, चालतं तुम्हाला" हे मी दर दिवाळीला प्रत्येक घरी ऐकतो. रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर यांत फारसा फरक नसतो.

बी-४०३: काका, तुमचं शंभर टक्के खरं आहे. गूळ मी चवीसाठी घालते. नाचणीबरोबर त्याची चव साखरेपेक्षा जास्त खुलते. त्यात लोह वगैरे थोडं असतं, पण ते मिळावं म्हणून कोणी एवढा गूळ खाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची सूचना अशी आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. मोठ्या माणसाला ५ टक्के म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम, लहान मुलांना त्याहून कमी. माझ्या प्रमाणात एका बिस्किटात ४ ग्रॅम गूळ जातो. तीन खाल्ली की १२ ग्रॅम झाला. म्हणून आकार लहान ठेवा, लिंबापेक्षाही छोटा गोळा. आणि फराळाच्या दिवसांत बिस्किटं लाडवाच्या जोडीला नव्हे, लाडवाच्या ऐवजी द्या.

खरा फायदा पिठात आणि तुपात आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, गहू-तांदळाच्या कितीतरी पट. आपल्या बिस्किटात नाचणी थोडीच पडते, तेव्हा त्याचाही फार गाजावाजा करायला नको. पण नाचणीच्या आंबिलाला नाक मुरडणारं मूल स्वतः वळलेलं बिस्किट खातं. ती चव एकदा ओळखीची झाली की भाकरीपर्यंत जाता येतं.

ए-३०१ (काका): हे पटलं. आता विकतच्याबद्दल. पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते सोडा, मागची घटकांची यादी वाचा. नियमानुसार जो पदार्थ वजनाने सगळ्यात जास्त, तो आधी लिहावा लागतो. पुढे गव्हाचं चित्र आणि मागे पहिलं नाव मैदा, दुसरं साखर, तिसरं पाम तेल, असं अनेकदा दिसतं. मुलांना हे वाचायला शिकवा, सुट्टीतला चांगला अभ्यास आहे. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर (हृदयाला घातक अशी चरबी) आपल्याकडे जानेवारी २०२२पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, ती चांगलीच गोष्ट झाली. तरी घरचं साजूक तूप ते साजूक तूप.

बी-१०१ (आजी सांगतायत, मी नात टाइप करतेय): अगं, हे तुम्हाला नवीन वाटतंय, पण आम्ही पेठेत राहायचो तेव्हा घरोघरी हेच चालायचं. घरी ओव्हन कुठला? रवा, पिठीसाखर, तूप असं सामान घेऊन भट्टीवर जायचं. बेकरीवाले आपल्यासमोर मळून, पत्र्यावर लावून नानकटाई भाजून द्यायचे. आम्ही मुलं तिथेच बाकावर बसायचो. तूप आपलंच पडतंय ना, यावर आईची नजर असायची. घरी येताना पत्र्याचा डबा इतका गरम असायचा की फडक्यात गुंडाळून धरावा लागे. पेठांमधल्या काही जुन्या बेकऱ्या अजून असं करून देतात म्हणे. ओव्हन नसेल त्यांनी विचारून बघा.

आणि एक सांगते, मुलांना तळणीपाशी येऊ देऊ नका, ठीक. पण करंजीला मुरड घालायला तरी बसवा. ते काम तळणीच्या आधीचं आहे. कुकीज आल्या म्हणून मुरड विसरू नका.

बी-४०३: आजी, मुरड राहिलीच पाहिजे. तुम्ही शिकवणार असाल तर मी पण येते, माझी करंजी कातण्याशिवाय बंद होत नाही.

सी-५०४: ताई, आमच्याकडे ओव्हन नाही, मायक्रोवेव्ह आहे. चालेल?

बी-४०३: दादा, कन्व्हेक्शनचा, म्हणजे आत गरम हवा फिरवून भाजणारा असेल तर चालेल. कन्व्हेक्शन मोडवर १६० डिग्री. त्या मोडवर धातूचा ट्रे चालतो, साध्या मायक्रोवेव्ह मोडवर अजिबात नाही. बटण दाबताना मूल एकटं नको.

तोही नसेल तर जुनी जाड बुडाची लोखंडी कढई घ्या. तळाशी मीठ पसरा, त्यावर स्टँड, घट्ट झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग ताटलीत बिस्किटं ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. खालून लवकर लागतात म्हणून ताटलीला बटर पेपर हवा. बटर पेपर, साचे, छोटे ट्रे रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतील. साच्यांसाठी मुद्दाम जाऊ नका पण. वाटीने कापलेलं आणि काट्याने दाबलेलं बिस्किट मुलांना साच्याइतकंच आवडतं.

ए-३०४: तीन वर्षांच्या मुलाला काय काम देऊ? त्याला सगळंच करायचं असतं.

बी-४०३: गोळे वळायला आणि वर काटा दाबायला द्या. पाच-सहा वर्षांची मुलं चाळतात, फेटतात. सात-आठच्या पुढच्यांना डिजिटल काटा द्या. वाटी ठेवून शून्य करायचं आणि १५० आकडा येईपर्यंत पीठ घालत राहायचं. वजन करताना मधे बोलू नका. १५२ झालं की ती स्वतःच चमच्याने काढतात. दुसऱ्यांदा प्रमाण अर्धं करायला सांगा, अपूर्णांक वहीपेक्षा लवकर कळतात.

तीन गोष्टींत मात्र मी ढिलाई करत नाही. किल्ल्यावरून आलेल्या हातांची नखं ब्रशने घासलीच पाहिजेत. कच्चं पीठ चाटायचं नाही, कारण पीठ भाजलेलं नसतं आणि त्याने पोट बिघडू शकतं. चव घ्यायचीच असेल तर गुळाचा खडा. आणि लहान मुलं आसपास असतील तर अख्खे काजू-बदाम नकोत, घशात अडकतात. भरड पूडच घाला.

सी-१०२: ताई, माझ्या एकटीच्याने दोघांना आवरणं कठीण आहे. शनिवारी क्लबहाउसमध्ये सगळ्या मुलांचं मिळून केलं तर?

बी-४०३: मी तयार आहे. माझा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) आणते.

डी-२०३: आमचाही घ्या. मगाशी कयानी म्हटलं होतं, पण आमचे दोघं आता ऐकणार नाहीत.

सेक्रेटरी (ए-१०४): क्लबहाउस शनिवारी सकाळी मोकळं आहे, वापरा. एक विनंती. ओटीजी दीड-दोन हजार वॅटचा असतो, साध्या छोट्या सॉकेटवर लावू नका. पॅन्ट्रीत १६ अँपिअरचे दोन पॉइंट आहेत, वेगवेगळ्या भिंतींवर. एकेकावर एकच ओव्हन. एक्स्टेन्शन बोर्ड नको. वायर मुलांच्या वाटेत येणार नाही अशी टेबलं मी आदल्या रात्री लावून घेतो.

बी-४०३: फार छान, धन्यवाद. सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. मुलांची बिस्किटं सरळ करू नका. कोणाचं चपटं होईल, कोणी त्यातच किल्ल्याचा बुरूज करेल. जाडी साधारण सारखी असू दे, नाहीतर पातळ करपतात आणि जाड कच्ची राहतात, तेवढंच बघा. आकारात हात घालायचा नाही. आणि फराळाच्या ताटात हीच बिस्किटं द्यायची. ताटासाठी विकतची आणि मुलांची घरात खायला, असं केलं तर मुलांना बरोबर कळतं.

ए-३०१ (काका): माझ्या ताटात एक पाठवा. मी खाईन आणि गोळीचं माझं मी बघतो. चिवडा कमी करतो.

बी-१०१ (आजी): मुरडीचं सामान मी देते. रविवारी दुपारी आमच्याकडे, पाच मुलं पुरे.

ए-२०१: मी इतका वेळ वाचत होते. आमच्या मुलाला गहू अजिबात चालत नाही, डॉक्टरांनी कायमचा बंद केलाय. त्यामुळे असल्या कार्यक्रमांना मी त्याला पाठवतच नाही. या वेळीही राहू द्या, वाईट वाटून घेऊ नका.

बी-४०३: वहिनी, पाठवायचंच. त्याचं पीठ वेगळं करू: नाचणी, ज्वारी आणि थोडं बेसन. गहू नसल्याने गोळा भुगभुशीत होतो, म्हणून दूध चमचाभर जास्त आणि बिस्किट जरा जाड. पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही, नाहीतर तुटतं. पण गिरणीचं पीठ नको. चक्कीत आधी गहू दळलेले असतात, तेवढाही त्याला त्रासदायक ठरू शकतो.

सी-१०२: नाचणी-ज्वारी मी घरी निवडून मिक्सरवर दळते. भांडं आधी नीट घासून घेते.

ए-२०१: मिक्सर माझाच वापरू, तो गव्हाला कधी लागलेलाच नाही. बेसनही घरी डाळ दळूनच करते. चाळण आणि ट्रेही मी माझे आणते.

बी-४०३: हे सगळ्यात उत्तम. मग शनिवारी पहिला ट्रे त्याचा. ओव्हन मी आदल्या दिवशी पुसून ठेवते, बटर पेपर नवीन घालू. त्याची बिस्किटं भाजून डब्यात बंद झाल्यावरच कणकेचा डबा उघडायचा, कारण कोरडी कणीक हवेत उडते आणि सगळीकडे बसते. त्याला दहाला पाठवा. बाकी सगळ्यांनी अकराला या, एप्रन किंवा बाबांचा जुना शर्ट घालून.