फायनल एमबीबीएस पार्ट टू: टाइमटेबल कसं बसवू?

प्रश्न: वॉर्डातून सुटून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसते पण रोज मेडिसिनच चालतं, बाकीचे विषय तसेच पडलेत, काय करू?

उत्तर १: अगं मार्क बघून दिवस वाट ना, मेडिसिन, सर्जरी, गायनॅकचे दोन-दोन पेपर म्हणजे 200-200 मार्क आणि पिडियाचा (बालरोग) एकच 100 चा. सर्जरीच्या दुसऱ्या पेपरात ऑर्थोपण (हाडांचा विषय) येतं बरं का, लोक ते शेवटच्या रात्रीवर ढकलतात न मग बोंबलतात.

उत्तर २: सकाळी वॉर्डात असायटिसची (पोटात पाणी साचलेली) केस घेतलीस की संध्याकाळी सिरॉसिस (लिव्हर कडक होणं), पोर्टल हायपरटेन्शन (लिव्हरकडच्या शिरेतलं वाढलेलं प्रेशर) तेवढंच वाच, शिफ्टिंग डलनेस (पेशंटने कूस बदलली की पोटावर ठोकल्यावरचा बद्द आवाज सरकतो ती खूण) स्वतःच्या हाताने तपासलेला असतो मग थिअरी आपोआप बसते. नुसते नोट्स रंगवत बसू नकोस!

प्रश्नकर्ती: मग ऑर्थो फ्रॅक्चर नेक फीमरपासून (मांडीच्या हाडाची मान मोडणं) धरू का?

उत्तर १: धर की.