इंटरनॅशनल सबमरीन बँडची ‘सेफ ॲट होम’: ध्वनिमुद्रण, करार आणि काही प्रश्न

रानवारा:
नमस्कार. बर्ड्स या अमेरिकन गटाची १९६८ सालची ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ ही ध्वनिमुद्रिका मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे. तिच्यामुळे गायक-गीतकार ग्रॅम पार्सन्सची ओळख झाली आणि त्याचा माग काढताना, बर्ड्समध्ये येण्यापूर्वी त्याने इंटरनॅशनल सबमरीन बँडबरोबर केलेली ‘सेफ ॲट होम’ ऐकायला मिळाली. गाणी जेमतेम नऊ, एकूण वेळ अर्ध्या तासाहून कमी; तरीही सलग ऐकताना ती एकाच मुशीतून निघाल्यासारखी वाटते. मात्र ती बाजारात आली तेव्हा गट मोडलेला होता, असे वाचले. ज्या गटाची माणसेच टिकत नव्हती त्याच्याकडून हे काम कसे झाले? शिवाय, या ध्वनिमुद्रिकेच्या करारापायी ‘स्वीटहार्ट’वरून पार्सन्सचा आवाज पुसावा लागला, असे सर्रास लिहिले जाते, त्यात तथ्य किती? ‘सेफ ॲट होम’ला ‘पहिली कंट्री-रॉक ध्वनिमुद्रिका’ (अमेरिकेच्या ग्रामीण वळणाचे कंट्री संगीत आणि रॉक यांचा मेळ) म्हणणे योग्य आहे का, याबद्दलही जाणकारांनी लिहावे.

जुनी तबकडी:
पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, या नावाचे गट प्रत्यक्षात दोन होते. पार्सन्स १९६५ मध्ये हार्वर्डमध्ये दाखल झाला आणि थोड्याच अवधीत शिक्षण सोडून बाहेर पडला. पण त्या काळात केंब्रिज-बॉस्टन भागात त्याला गिटारवादक जॉन न्यूस, बासवादक इयन डनलॉप आणि ड्रमर मिकी गॉविन हे सोबती मिळाले. पार्सन्स तेव्हा लोकसंगीताच्या वळणाची गाणी गात असे. त्याला मर्ल हॅगार्ड आणि बक ओवेन्स यांच्या कंट्री संगीताकडे वळवण्याचे श्रेय न्यूसला दिले जाते, आणि माझ्या मते ते त्याला पुरेसे मिळालेले नाही. चौघे न्यूयॉर्कला गेले, १९६६ मध्ये त्यांच्या दोन एकेरी तबकड्या निघाल्या आणि त्यांतील एक कोलंबिया कंपनीची होती. दोन्हींकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १९६७ मध्ये सारे लॉस एंजेलिसला आले, पण डनलॉप आणि गॉविन यांना निखळ कंट्रीचा मार्ग रुचला नाही व ते वेगळे झाले. त्या दोघांनी आपल्या नव्या मंडळींसाठी घेतलेले ‘फ्लाइंग बरिटो ब्रदर्स’ हे नाव पुढे पार्सन्सनेच आपल्या गटाला दिले, ही गंमत जाता जाता नोंदवतो.

अशा अर्ध्या उरलेल्या गटाला ली हेझलवूडच्या एलएचआय या छोट्या कंपनीचा करार मिळाला. नॅन्सी सिनात्राची १९६६ मधील गाजलेली गाणी लिहिणारा आणि घडवणारा तो हाच हेझलवूड. गटाला त्याच्यापर्यंत पोहोचवणारी आणि ध्वनिमुद्रिकेची निर्मिती करणारी व्यक्ती मात्र सुझी जेन होकम होती. त्या काळात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत निर्मातीच्या खुर्चीवर स्त्री दिसणे फार दुर्मीळ होते, आणि या ध्वनिमुद्रिकेवरील बहुतेक लेखनात तिचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. ध्वनिमुद्रण दोन टप्प्यांत झाले. जुलै १९६७ मध्ये ‘ब्लू आइज’ आणि ‘लक्झरी लायनर’ ही पार्सन्सची दोन गाणी झाली. उरलेले बहुतेक काम नोव्हेंबरमध्ये झाले. ड्रम्ससाठी जॉन कॉर्नील आला, जो फ्लोरिडात पार्सन्सबरोबर वाजवत असे आणि मधल्या काळात नॅशव्हिलमध्ये काम करून आला होता. नोव्हेंबरमध्ये बॉब ब्यूकॅनन गिटारवर आणि ख्रिस एथ्रिज बासवर होते.

सप्तक:
वरील माहितीला वादकांच्या बाजूने थोडी पुस्ती जोडतो, कारण ध्वनिमुद्रिकेचा एकजीवपणा मला तिथे दिसतो. गटाचे सभासद बदलत राहिले, पण पेडल स्टीलवर जे डी मॅनेस आणि पियानोवर अर्ल बॉल हे दोघे स्टुडिओत मुरलेले वादक होते आणि कॅलिफोर्नियाच्या कंट्री संगीताची रीत त्यांच्या हातात बसलेली होती. पेडल स्टील हे आडवे ठेवून वाजवायचे वाद्य; तारांवर धातूची कांडी फिरते आणि पायांतल्या पट्ट्यांनी व गुडघ्यांनी दाबायच्या तरफांनी वाजत्या तारेचा स्वर चढवता-उतरवता येतो. जुन्या हिंदी चित्रपटगीतांतून आपल्या कानांना परिचित असलेली हवाईयन गिटार याच कुळातली, त्यामुळे मराठी श्रोत्याला या वाद्याची मींड परकी वाटत नाही. मॅनेस न कळतही अनेकांनी ऐकलेला आहे, कारण एरिक क्लॅप्टनच्या ‘टिअर्स इन हेवन’मध्ये मागे वाजणारे पेडल स्टील त्याचे आहे. ‘सेफ ॲट होम’मध्ये तो गायकाच्या ओळीत घुसत नाही, ओळ संपताना उरलेली जागा भरतो आणि बाजूला होतो. विशीतल्या पार्सन्सचा आवाज अजून पुरता पिकलेला नसताना ही साथ त्याला सांभाळून घेते.

गाण्यांची निवडही बोलकी आहे. चार गाणी पार्सन्सची, त्यांतले ‘डू यू नो हाउ इट फील्स टु बी लोनसम’ बॅरी गोल्डबर्गबरोबर लिहिलेले. उरलेल्यांत हॅगार्डचे एक आहे, जॅक क्लेमेंटचे ‘मिलर्स केव्ह’ आहे, १९५५ मध्ये पोर्टर वॅगनरने गाजवलेले ‘अ सॅटिस्फाइड माइंड’ आहे आणि जॉनी कॅशशी निगडित दोन आहेत. त्यांतले ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ त्यांनी आर्थर क्रूडपच्या ‘दॅट्स ऑल राइट’ला जोडून गायले. हे दुसरे गाणे म्हणजे एल्व्हिस प्रेस्लीची १९५४ मधली पहिली तबकडी, आणि कॅश व प्रेस्ली या दोघांची ही मुद्रणे मेम्फिसच्या एकाच सन कंपनीची. कंट्री आणि रॉक अँड रोल यांचे मूळ घर एकच होते, हा मुद्दा या जोडणीतून निबंध न लिहिता मांडला गेला आहे. शिवाय कॅशने फॉल्सम तुरुंगात केलेले प्रसिद्ध ध्वनिमुद्रण जानेवारी १९६८ मधले, म्हणजे या सत्रांनंतरचे. तेव्हा लाटेवर स्वार होण्यासाठी हे गाणे निवडले, असे कोणाला म्हणता येणार नाही.

आडवाट:
‘पहिली’ या बिरुदाशी मी सहमत नाही. रिक नेल्सनने १९६६ मध्येच कंट्री गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली होती. जीन क्लार्कने गॉस्डिन बंधूंबरोबर केलेली ध्वनिमुद्रिका १९६७ च्या सुरुवातीची. आणि ‘अ सॅटिस्फाइड माइंड’ तर बर्ड्सनीच १९६५ मध्ये गायले होते. ‘सेफ ॲट होम’चे वेगळेपण माझ्या दृष्टीने असे की, लांब केसांच्या तरुणांनी कंट्रीची चव म्हणून एखाददुसरे गाणे न घेता, पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच भाषा बोलण्याचा निर्णय घेतला आणि त्यात थट्टेचा सूर येऊ दिला नाही. उलट ती इतकी इमानाने कंट्री आहे की तिच्यात रॉक किती, असा प्रश्न मला पडतो. ‘लक्झरी लायनर’च्या वेगात तो सापडतो, इतरत्र कमीच. एमिलू हॅरिसने १९७६ च्या अखेरीस आलेल्या आपल्या ध्वनिमुद्रिकेला याच गाण्याचे नाव दिले. तिचे ते मुद्रण आणि हे मूळ मुद्रण पाठोपाठ ऐकल्यास मूळ रचनेची ताकद ध्यानात येते.

रानवारा:
सर्वांचे आभार. आडवाट यांचे म्हणणे पटते. आवाज पुसल्याच्या प्रकरणाबद्दल कोणी लिहील का?

जुनी तबकडी:
घटनाक्रम असा आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये पार्सन्स बर्ड्समध्ये गेला आणि ‘सेफ ॲट होम’ मार्चमध्ये बाजारात आली, म्हणजे तिच्यासाठी कार्यक्रम करणारा गटच उरला नव्हता आणि छोट्या कंपनीच्या तबकडीचे जे व्हायचे ते झाले. त्याच मार्चमध्ये बर्ड्स नॅशव्हिलमध्ये ‘स्वीटहार्ट’चे मुद्रण करत होते. पार्सन्सच्या गायनावर आपला कराराने हक्क आहे, असा दावा हेझलवूडने केला. मग ‘द ख्रिश्चन लाइफ’, ‘यू डोन्ट मिस युअर वॉटर’ आणि ‘वन हंड्रेड इयर्स फ्रॉम नाउ’ या गाण्यांतला पार्सन्सचा मुख्य आवाज काढून तिथे इतरांचे आवाज घातले गेले. हे खरेच घडले. पार्सन्सच्या आवाजातली मुद्रणे १९९० च्या बर्ड्स संचातून लोकांपुढे आली आहेत.

कारणाबद्दल मात्र सावध राहावे. निर्माता गॅरी अशर याने नंतर सांगितले त्यानुसार कायदेशीर अडचण वेळेत मिटली होती, आणि कोणी कोणते गाणे गायचे ही वाटणी गटाच्या मर्जीने झाली. नव्या माणसाला फार महत्त्व मिळते आहे, ही बर्ड्सचा म्होरक्या रॉजर मॅग्विन याची अस्वस्थताही त्यामागे होती. दावा खोटाच असता तर आवाज बदलायला घेतलेच नसते, आणि तो अखेरपर्यंत अडून राहिला असता तर ‘हिकरी विंड’, ‘यू आर स्टिल ऑन माय माइंड’ आणि ‘लाइफ इन प्रिझन’ या तीन गाण्यांत पार्सन्सचा आवाज राहिला नसता. म्हणून मला वाटते की कराराने सुरुवात करून दिली आणि गटातल्या ताणाने ती सोयीची मानली. तडजोडीत इंटरनॅशनल सबमरीन बँड हे नाव हेझलवूडकडे राहिले.

सप्तक:
एक भर घालतो. नाव गेले तरी माणसे सुटली नाहीत. मॅनेस, बॉल आणि कॉर्नील हे तिघेही ‘स्वीटहार्ट’वर वाजवतात; ‘हिकरी विंड’ पार्सन्सने ब्यूकॅननबरोबर लिहिले; आणि एथ्रिज पुढे फ्लाइंग बरिटो ब्रदर्समध्ये आला, जिथे १९६९ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ‘डू यू नो हाउ इट फील्स’ पुन्हा गायले गेले. रानवारा यांनी ती दोन मुद्रणे शेजारी ठेवून ऐकावीत. दुसऱ्यात पार्सन्सचा आवाज अधिक जाणता आहे. साथीचा नीटसपणा मला पहिल्यातच जास्त आवडतो.